बिझनेस एव्हिएशन: कंपनीचं विमान चैन कधी असतं आणि कामाचं साधन कधी

प्रश्न असा आलाय की कंपन्यांची स्वतःची किंवा भाड्याने घेतलेली विमानं ही बड्या लोकांची चैन आहे, की अर्थव्यवस्थेत त्यांचं खरोखर काही काम आहे? आणि हा व्यवसाय एवढा वाढला कसा? माझी नोकरी कंपन्यांच्या विमानविभागात उड्डाणांचं नियोजन करण्यात गेली आहे, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी माझं मत सांगून टाकतो. या विमानांचं मोल वेगात आहे असं बहुतेकांना वाटतं, पण एकदा आकाशात गेल्यावर कंपनीचं जेट आणि प्रवासी विमान यांच्या वेगात फारसा फरक नसतो. टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणारं विमान, तर प्रवासी जेटपेक्षा हळूच जातं. कंपनी पैसे मोजते ते दोन गोष्टींसाठी: वेळापत्रक आपल्या हातात असावं, आणि जिथे नियमित विमानसेवा नाही तिथेही थेट उतरता यावं. ज्या फेरीला या दोन गोष्टींची गरज असते त्या फेरीत विमान हे कामाचं साधन असतं. जिला गरज नसते ती चैनच. एकाच विमानाच्या, एकाच आठवड्यातल्या दोन फेऱ्यांबद्दल ही दोन्ही विधानं खरी असू शकतात. म्हणून मी नेहमी एकेक फेरी तपासतो. नुसतं विमान बघून निकाल देता येत नाही.

एक फेरी जवळून बघा. समजा, एका कंपनीचे तीन कारखाने तीन लहान गावांजवळ आहेत. उत्पादनप्रमुख, दोन अभियंते, खरेदी आणि वित्त विभागातला एकेक माणूस अशा पाच जणांनी तिन्ही ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन, यंत्रं पाहून, एक अडलेला निर्णय घ्यायचा आहे. नियमित विमानसेवेने जायचं तर प्रत्येक वेळी जवळच्या मोठ्या विमानतळावर उतरा, तिथून दोन-अडीच तास गाडीने जा, तसंच परत या आणि पुढचं विमान पकडा. यात तीन दिवस आणि दोन मुक्काम सहज जातात. तिन्ही गावांजवळ हजार-बाराशे मीटरची धावपट्टी असेल, तर पिलाटस पीसी-१२ किंवा किंग एअरसारखं टर्बोप्रॉप सकाळी सातला निघून रात्री आठला सगळ्यांना घरी आणतं. पाच माणसांचे मिळून दहा कामाचे दिवस वाचतात.

इतकं गणित कोणालाही मांडता येतं. त्यामागचं काम मात्र आदल्या दिवशी सुरू होतं. धावपट्टी डांबरी आहे की कच्ची, तिची लांबी पाऊस पडून गेल्यावरही पुरेल का, इंधन कुठे मिळतं, विमानतळ किती वाजता बंद होतो, हवा बिघडली तर पर्यायी तळ कोणता? दुसरा कारखाना उंचावर असेल आणि तिथून दुपारच्या उन्हात निघायचं असेल, तर हवा विरळ झाल्यामुळे उड्डाणाला जास्त धावपट्टी लागते. अशा वेळी टाक्या पूर्ण भरून निघता येत नाही. मग आम्ही भेटींचा क्रमच बदलतो: उंचावरचं गाव सकाळी उरकायचं आणि इंधन नंतरच्या तळावर भरायचं. आणखी एक गोष्ट सकाळीच साहेबांना स्पष्ट सांगावी लागते, ती म्हणजे शेवटच्या तळावरून निघण्याची अखेरची वेळ. वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपले की बैठक कितीही महत्त्वाची असली तरी विमान जागचं हलत नाही. ज्या विमानविभागाला हे ठामपणे सांगता येतं तोच चांगला विमानविभाग, असं मी मानतो.

आता खर्च. विमान उडो वा न उडो, वैमानिकांचे पगार, विमा, हँगरचं भाडं, सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण, नेव्हिगेशन डेटाबेसची वर्गणी हे सगळं चालूच राहतं. उडालं की इंधन, तासागणिक देखभालीचा खर्च, लँडिंग आणि हँडलिंगचे आकार त्यात भर घालतात. पहिल्या प्रकारचा खर्च इतका मोठा असतो की वर्षाला थोडेच तास उडणारं विमान प्रत्येक तासाला अतोनात महाग पडतं. म्हणून या धंद्यात एक ढोबळ हिशेब रूढ झालाय. वर्षाला पंचवीस-पन्नास तास लागत असतील तर चार्टर, म्हणजे फेरीपुरतं भाड्याचं विमान, किंवा आधी पैसे भरून तास विकत घेण्याची योजना बरी, त्याहून जास्त लागत असतील तर विमानातला हिस्सा, आणि दोनशे-अडीचशे तासांच्या पुढे गेलं की पूर्ण विमान घेण्याचा विचार. एवढे तास लागत नसताना केवळ मानासाठी घेतलेलं विमान हा पांढरा हत्तीच ठरतो.

हिस्सेदारीच्या पद्धतीने हा व्यवसाय पार बदलून टाकला. १९६४ मध्ये अमेरिकेत एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन नावाची चार्टर कंपनी सुरू झाली. १९८४ मध्ये ती रिचर्ड सँटुली यांनी विकत घेतली. ते मुळात गणिताचे. १९८६ मध्ये त्यांनी नेटजेट्स ही योजना आणली. विमानाचा सोळावा हिस्सा घ्या, वर्षाला साधारण पन्नास तास मिळतील, आणि तुमच्या हिश्शाचं विमान दुसरीकडे असेल तर ताफ्यातलं तसंच दुसरं विमान काही तासांच्या सूचनेवर हजर होईल. यातली खरी करामत ताफ्याच्या आकाराची आहे. दहा विमानं असतील तर असं वचन पाळताना दमछाक होते. शंभर असतील तर कुठलं तरी एक जवळपास असतंच. १९९८ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने ती कंपनी घेतली. याच बफेंनी पूर्वी स्वतःच्या कंपनीच्या विमानाला ‘इनडिफेन्सिबल’, म्हणजे समर्थन न करता येणारं, असं नाव दिलं होतं.

इतिहास याहून खूप मागे जातो. १९३२ मध्ये, महामंदी ऐन भरात असताना, वॉल्टर आणि ऑलिव्ह ॲन बीच या दांपत्याने कॅन्ससमधल्या विचिटा शहरात कंपनी काढली आणि स्टॅगरविंग हे एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेलं विमान त्याच वर्षी उडवलं. आत चार-पाच माणसं बसतील अशी बंदिस्त, नीटनेटकी केबिन आणि त्या काळच्या मानाने झकास वेग. ते परवडणारे लोक थोडे होते, पण होते. तेलविहिरी आडरानात असतात आणि तिथे लवकर पोहोचणाऱ्याला करार मिळतो, हे तेलकंपन्यांना इतरांच्या आधी उमगलं. १९३७ मध्ये दोन इंजिनांचं बीच १८ आलं. ते तीन दशकांहून जास्त काळ बनत राहिलं आणि नऊ हजारांहून अधिक विमानं तयार झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची शिल्लक विमानं स्वस्तात मिळू लागली. डीसी-३ आणि लोडस्टारच्या पोटात खुर्च्या आणि टेबलं बसवून कंपन्यांनी ती वापरली. युद्धात तयार झालेले वैमानिक आणि तंत्रज्ञही हाताशी होते. विमानतळ आणि हवाई मार्गांच्या वापरात आपला आवाज असावा म्हणून १९४७ मध्ये या कंपन्यांनी अमेरिकेत संघटना बांधली. तीच आजची एनबीएए (नॅशनल बिझनेस एव्हिएशन असोसिएशन). १९५८ मध्ये ग्रुमनचं गल्फस्ट्रीम वन उडालं. कंपन्यांच्या प्रवासासाठीच मुळापासून आखलेलं ते मोठं टर्बोप्रॉप होतं, आणि लष्करी शिल्लक मालाचे दिवस भरत आल्याची ती खूण होती.

मग जेट आलं. लॉकहीडचं जेटस्टार १९५७ मध्ये आणि नॉर्थ अमेरिकनचं सेबरलायनर १९५८ मध्ये प्रथम उडालं, पण दोन्हींमागे अमेरिकी हवाई दलाची गरज होती. १९६२-६३ मध्ये चित्र पालटलं. ब्रिटनचं डीएच १२५, फ्रान्समधल्या दासोचं मिस्टेअर २० आणि बिल लीअर यांचं लीअरजेट २३ ही तिन्ही विमानं अवघ्या चौदा-पंधरा महिन्यांच्या अंतरात आकाशात गेली. मिस्टेअर २० पुढे फाल्कन २० म्हणून ओळखलं गेलं. पॅन ॲम या अमेरिकी विमानकंपनीतर्फे प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी ते पाहून पसंत केलं आणि पॅन ॲमने पहिल्याच फटक्यात चाळीस विमानांची मागणी नोंदवली. लीअर यांनी स्वित्झर्लंडच्या पी-१६ या लढाऊ विमानावरून प्रेरणा घेतली, आणि वजन १२,५०० पौंडांच्या मर्यादेच्या किंचित आत ठेवलं. त्यामुळे लहान विमानांचे सोपे नियम लागू झाले आणि प्रमाणपत्र लवकर मिळालं.

मला स्वतःला या सगळ्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं ते सेस्नाचं सायटेशन. १९६९ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. सरळ पंखाचं, वेगाने बेताचं, पण उडवायला सोपं आणि लहान धावपट्टीवर उतरणारं. टर्बोप्रॉप उडवणाऱ्या वैमानिकाला फारशी उलथापालथ न करता जेटवर आणता येईल, असा त्यामागचा विचार होता. लीअरजेटने लोकांचे डोळे दिपवले. सायटेशनने मध्यम आकाराच्या कंपन्यांना गिऱ्हाईक बनवलं. आजवर या कुटुंबातली सात हजारांहून जास्त विमानं बनली आहेत. दुसऱ्या टोकाला लांब पल्ल्याची स्पर्धा चालू राहिली. गल्फस्ट्रीम पाच आणि बोंबार्डियेचं ग्लोबल एक्सप्रेस नव्वदच्या दशकात आलं, आणि २०१८ च्या अखेरीस सेवेत आलेल्या ग्लोबल ७५०० ची झेप ७,७०० सागरी मैलांची आहे.

आता अर्थव्यवस्थेतली भूमिका. इथे संघटनांचे आकडे हाताशी असतात, पण ते जपून वाचावेत असं मी सांगेन. उदाहरणार्थ, प्राइसवॉटरहाउसकूपर्स या सल्लागार कंपनीच्या अभ्यासात २०१८ सालासाठी अमेरिकेतल्या जनरल एव्हिएशनचं एकूण योगदान २४७ अब्ज डॉलर आणि बारा लाख नोकऱ्या असं मांडलं आहे. यात एक तर बिझनेस एव्हिएशनखेरीज प्रशिक्षण, शेतीवरची फवारणी, हौशी उड्डाणं असं सगळं येतं. दुसरं म्हणजे पुरवठादारांचं उत्पन्न आणि कामगारांनी पुढे केलेला खर्चही त्यात धरलेला असतो. हे सगळं खरं असलं तरी ते एकूण उलाढाल दाखवतं. विमानं नसती तर तोच पैसा आणि तीच माणसं दुसऱ्या कुठल्या उद्योगात गेली असती, ही वजावट त्यात नसते. मी तरी उद्योगाची बाजू मांडताना या आकड्यांवर भिस्त ठेवत नाही. त्यापेक्षा जास्त भक्कम मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा लहान गावांचा. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत आणि त्यातल्या साधारण पाचशे ठिकाणीच नियमित प्रवासी विमानं जातात. उरलेली हजारो गावं हवाई नकाशावर आहेत ती लहान विमानांमुळे. कारखाना कुठे काढायचा हे ठरवताना मुख्यालयातली माणसं तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परतू शकतात का, हा प्रश्न विचारला जातोच. जमीन स्वस्त, माणसं कुशल, पण पोहोचायला दीड दिवस, अशा गावाचं नाव यादीतून लवकर गळतं. धावपट्टी असेल तर ते यादीत टिकतं. शिवाय तीच धावपट्टी रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवायला कामी येते. ऑस्ट्रेलियातली रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस पीसी-१२ आणि किंग एअर हीच विमानं वापरते. कंपन्यांच्या प्रवासासाठी विकल्या गेलेल्या शेकडो विमानांमुळे त्यांचे सुटे भाग, तंत्रज्ञ आणि प्रशिक्षण उपलब्ध असतं. नुसत्या रुग्णवाहतुकीच्या जोरावर एवढी व्यवस्था उभी राहणं फार कठीण होतं.

दुसरा मुद्दा उत्पादनाचा. विचिटा, सव्हाना, माँट्रियल, बोर्दो, स्वित्झर्लंडमधलं श्टान्स, ब्राझीलमधलं साओ जोसे दोस कांपोस ही गावं-शहरं या किंवा याला लागून असलेल्या विमानउद्योगाशी घट्ट बांधलेली आहेत. एक विमान तीस-चाळीस वर्षं उडतं. त्याची रंगरंगोटी, इंजिनाची मोठी दुरुस्ती, कॉकपिटचं नूतनीकरण हे सगळं नंतर कुठेतरी होत राहतं. हे काम हातांचं आणि डोक्याचं आहे, आणि चांगला तंत्रज्ञ घडायला वर्षं लागतात.

तिसरा मुद्दा फारसा बोलला जात नाही, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. नव्या कल्पना इथे आधी जमिनीवर येतात, म्हणजे खरं तर हवेत जातात. पंखाच्या टोकाला वर वळलेले विंगलेट उत्पादनातल्या जेटवर पहिल्यांदा आले ते लीअरजेट २८ वर, १९७७ मध्ये. आज ते प्रवासी विमानांवर सर्रास दिसतात आणि इंधन वाचवतात. अंधारात, धुक्यात धावपट्टी दाखवणारी इन्फ्रारेड प्रणाली २००१ मध्ये गल्फस्ट्रीम पाचवर मान्य झाली. वैमानिक अचानक आजारी पडला तर बटण दाबल्यावर विमान आपोआप उतरवणारी गार्मिनची प्रणाली २०२० मध्ये अशाच लहान विमानांवर प्रमाणित झाली. बोंबार्डियेच्या चॅलेंजर या बिझनेस जेटची लांबी वाढवून सीआरजे हे प्रादेशिक प्रवासी जेट बनलं, आणि कितीतरी मध्यम शहरांना जेटसेवा मिळाली.

फेडएक्सची गोष्ट तर याहून बोलकी आहे. एप्रिल १९७३ मध्ये मेम्फिसमधून त्यांची पहिली रात्र सुरू झाली: चौदा फाल्कन २०, पंचवीस शहरं आणि १८६ पार्सलं. मालासाठी दार रुंद केलेली ही मुळातली बिझनेस जेटच होती. मोठी मालवाहू विमानं घेतली असती तर त्या वेळच्या अमेरिकी नियमांनुसार मार्गांचा परवाना मिळवण्याच्या किचकट प्रक्रियेत अडकावं लागलं असतं. फाल्कनची क्षमता ७,५०० पौंडांच्या सवलतीच्या मर्यादेत बसत होती. रातोरात पार्सल पोहोचवण्याचा अख्खा धंदा या फटीतून उभा राहिला.

एवढं सांगितल्यावर या व्यवसायाचा कच्चा भागही सांगायला हवा. हा उद्योग तेजी-मंदीच्या तडाख्यात सर्वांत आधी सापडतो. २००८ मध्ये जगभरात तेराशेहून जास्त बिझनेस जेट ग्राहकांना सुपूर्द झाली. २०११ मध्ये तो आकडा सातशेच्या खाली गेला. २००८ च्या नोव्हेंबरात जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लरचे प्रमुख सरकारी मदत मागायला वॉशिंग्टनला आले ते आपापल्या कंपनीच्या विमानाने, आणि ते लोकांच्या डोळ्यांत इतकं खुपलं की नंतर अनेक कंपन्यांनी विमानं काढून टाकली. लोकांचा संताप रास्त होता. वॉशिंग्टनला नियमित उड्डाणं भरपूर आहेत, म्हणजे मी वर सांगितलेल्या दोन कसोट्यांपैकी एकही तिथे लागू होत नव्हती. पण त्याची किंमत विचिटातल्या कामगारांनी मोजली. तिथली विमानं बनवणारी हॉकर बीचक्राफ्ट कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. २०२३ मध्येही जेटची वार्षिक संख्या साडेसातशेच्या आत होती. विकली जाणारी विमानं मात्र मोठी आणि महाग होत गेली. मला ही दिशा चिंतेची वाटते, कारण अर्थव्यवस्थेला उपयोगी पडणारं काम मुख्यतः लहान आणि मध्यम विमानं करतात.

सुरक्षिततेबद्दलही बोललंच पाहिजे. ३१ मे २०१४ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम चार उड्डाणाच्या प्रयत्नात धावपट्टीबाहेर गेलं आणि सातही जण दगावले. उभ्या विमानाच्या पंखांवरचे आणि शेपटीवरचे हलते भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढलंच नव्हतं. उड्डाणाआधी सुकाणू पूर्ण फिरवून पाहिलं असतं तर ते तिथेच कळलं असतं. तपासात दिसलं की त्या वैमानिकांनी आधीच्या १७५ उड्डाणांपैकी फक्त दोन वेळा ही तपासणी पूर्ण केली होती. मग एनबीएएने सुमारे १,४४,००० उड्डाणांची नोंद तपासली, तेव्हा जवळपास १८ टक्के उड्डाणांत ही तपासणी अपुरी होती किंवा झालीच नव्हती. लहान विभागात तेच दोन वैमानिक वर्षानुवर्षं एकत्र उडतात, वर कोणी बघणारं नसतं, आणि ढिलाई मुरत जाते. म्हणून उड्डाणांचा डेटा बाहेरच्या तज्ज्ञाकडून नियमित तपासून घेणं मी सक्तीचं मानतो.

आणि पर्यावरण. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०२३ मध्ये खासगी विमानांनी सुमारे १.५६ कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडला. २०१९ च्या तुलनेत ही वाढ ४६ टक्के आहे. जवळजवळ निम्मी उड्डाणं पाचशे किलोमीटरच्या आतली होती. माणशी उत्सर्जन प्रवासी विमानाच्या कितीतरी पट असतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. शाश्वत इंधन उपयोगाचं आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये एका गल्फस्ट्रीम जी६०० ने पूर्णपणे त्यावर अटलांटिक ओलांडला, पण ते महाग आहे आणि मिळतं थोडं. आज, इथे, ज्यावर आपला हात पोहोचतो ती गोष्ट म्हणजे रिकामी उड्डाणं. साहेबांना सोडून विमान रिकामं परतणं आणि चार दिवसांनी पुन्हा रिकामं न्यायला जाणं, हा प्रकार नियोजनाने बराच कमी होतो. वैमानिकांना तिथेच मुक्कामी ठेवा, दोन विभागांच्या फेऱ्या जोडा, जिथे थेट रेल्वे किंवा दिवसाला पाच-सहा नियमित विमानं आहेत तिथे विमान देऊच नका.

तुमच्या कंपनीपुरता निर्णय करायचा असेल तर प्रत्येक फेरीसाठी चार गोष्टी लिहायला लावा: कोण गेलं, कामासाठी किती ठिकाणी थांबलं, नियमित विमानसेवेने किंवा रेल्वेने हेच काम किती वेळात झालं असतं, आणि विमान किती तास रिकामं उडालं. फेरी मागणाऱ्याने ही नोंद आधी भरायची आणि विमानविभागाने परतल्यावर तपासायची. एक पूर्ण वर्ष अशा नोंदी ठेवल्यात तर विमान ठेवायचं, हिस्सा घ्यायचा की चार्टरवर भागवायचं, हे ठरवायला तुम्हाला सल्लागाराची गरज पडणार नाही.